तिसरा नको

पुण्यात ‘नको’ म्हटलं की विषय संपतो. विचारणाऱ्याचं कर्तव्य झालं, नको म्हणणाऱ्याची सुटका झाली, दोघंही आपापल्या कामाला मोकळे. मी कसबा पेठेत जन्मलो, तिथेच वाढलो आणि तिथेच आयुष्यभर तसबिरींना चौकटी बसवण्याचं दुकान चालवलं. त्यामुळे ही पद्धत मला नेहमीच फार सोयीची वाटत आली. ‘चहा घेणार?’ ‘नको.’ ‘बरं.’ एवढ्या कमी शब्दांत दोन माणसं एकमेकांना इतकी सुखी करतात, असं दुसरीकडे कुठे होत नसावं.

मग आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये रंगनाथ काळमेघ राहायला आले.

साल एकोणनव्वद. कोथरूडला आमची सोसायटी नुकती उभी राहिली होती. भिंतींना ओल्या चुन्याचा वास होता, आणि पेठेतले नातेवाईक ‘तिकडे कोल्हे ओरडतात का हो?’ असं मनापासून विचारत होते. आम्ही सामान लावत होतो, तर दारात एक दांडगा माणूस उभा. हातात झाकलेलं पातेलं. मागे त्याची बारीक चणीची बायको, तिच्या हातात फोडणीची लोखंडी पळी, आणि पळीतलं तेल अजून तडतडतंय.

‘गोळाभात आहे जी,’ तो म्हणाला. ‘गरम आहे तोवर खाऊन घ्या.’

‘नको, कशाला उगाच त्रास,’ मी म्हणालो. आमच्याकडे यानंतर दार लावून घ्यायला हरकत नसते.

‘त्रास कायचा?’ असं म्हणत तो सरळ आत आला, खोक्यांच्या मधल्या जागेत मांडी घालून बसला आणि माझ्या बायकोकडे ताटल्या मागू लागला. मी पुन्हा नको म्हणालो. ताटली पुढे आल्यावर तिच्यावर हात आडवा धरला. या गृहस्थाने भाताचा डाव माझ्या बोटांवर रिकामा केला. चटका बसला म्हणून मी हात मागे घेतला, तेवढ्यात ताटलीत भाताचा ढीग, ढिगात कुस्करलेला हरभऱ्याच्या भरड्याचा तिखट गोळा, मध्ये केलेलं खळं आणि खळ्यात वहिनींनी ओतलेलं हिंगमोहरीचं तेल. माझी बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मला राग आला होता, आणि त्या रागातच मी दोनदा भात घेतला.

अमरावती जिल्ह्यात दर्यापूरच्या अलीकडे त्यांचं गाव. आयटीआय करून रंगनाथराव पिंपरीच्या एका कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्याच स्टोअर्समध्ये राहिले. पुण्यात आल्याबरोबर घडलेला एक प्रसंग ते अजून रंगवून सांगतात. कारखान्यातल्या एका साहेबांनी त्यांना संध्याकाळी काही कागद घेऊन घरी बोलावलं होतं. जेवणाची वेळ झाली. साहेबांच्या बायकोने विचारलं, ‘जेवणार का?’ हे म्हणाले, ‘नको जी.’ बाई ‘बरं’ म्हणून आत गेल्या. मग घरातली सगळी जेवली, ताटं उचलली गेली, आणि हा धट्टाकट्टा माणूस सकाळपासून उपाशी, बाहेरच्या खुर्चीवर दुसऱ्यांदा विचारतील म्हणून वाट बघत बसलेला.

‘तवा मले समजलं, बाळभाऊ,’ ते मला सांगायचे, ‘इकडं नको म्हणजे नकोच असते.’

समजलं खरं, पण अंगवळणी काही पडलं नाही. पहिल्या विचारण्याला ‘हो’ म्हणणं त्यांना आयुष्यात जमलं नाही. त्यांचं एक शास्त्रच होतं. पहिला नको लाजेचा. दुसरा नको लोक काय म्हणतील याचा. तिसरा पोटाचा, तो खरा. ‘तिसऱ्यावर थांबाचं,’ असं ते बजावत, आणि खरंच थांबत. तिसऱ्या नकोनंतर त्यांनी कुणाच्या पानात शीत टाकल्याचं मी पाहिलेलं नाही. मात्र पहिले दोन नको ते आलेल्या माणसाची चप्पल उंबऱ्याबाहेर ठेवावी तसे बाहेरच ठेवत. सोसायटीतले लोक आधी त्यांना घाबरायचे, मग टाळायचे, आणि वर्षभरातच भूक लागली की काहीतरी काम काढून त्यांच्याकडे जाऊ लागले. त्यात मी पहिला होतो.

आमच्या इमारतीच्या मागे तेव्हा टेकडीपर्यंत मोकळं रान होतं. दर हिवाळ्यात एका रविवारी रंगनाथराव तिथे रोडग्यांचं जेवण घालायचे. कोथरूड गावठाणातल्या गोठ्यातून गोवऱ्या यायच्या. सकाळी त्यांचा जाळ व्हायचा, निखारे पडले की त्यात कणकेचे जाड गोळे पुरायचे. भाजून निघाले की राख झटकायची, फोडायचे आणि तुपात कुस्करायचे. सोबत मोठ्या पातेल्यात वांग्याची भाजी, तिच्यावर बोटभर तर्री, आणि वरण. आम्ही सगळे पत्रावळी मांडून मातीत बसायचो. बँकेतले साहेब, शाळेतल्या बाई, आयुष्यात कधी जमिनीवर न बसलेले एक निवृत्त कर्नल, सगळे. आणि रंगनाथराव धोतर खोचून परात घेऊन पंगतीतून फिरायचे. एवढ्या मोठ्या देहाचा माणूस इतका हलका चालताना मी दुसरा पाहिला नाही. हात आडवे यायचे, आणि तुपातला रोडगा त्या हातांवर ठेवला जायचा. त्यांची छोटी मुलगी सृष्टी मागून मीठ वाढत यायची, आणि सगळ्यांत शेवटी सत्यशीलावहिनी. त्या कुणाला काही विचारत नसत. नुसतं बघून कोण अर्धपोटी आहे ते ओळखत आणि नवऱ्याला खुणेने सांगत.

त्या रानावर आता चौदा मजल्यांची इमारत आहे. तिच्या गेटवरचा माणूस मला नाव-नंबर लिहायला लावतो. तरी कधी दुपारी तिथून जाताना मी नकळत वांग्याच्या भाजीचा वास शोधतो. मूर्खपणा आहे हे मला कळतं. बायको होती तेव्हा ती तसं म्हणायचीसुद्धा. पण इतकी माणसं इतकी आनंदात एका जागी बसलेली मी नंतर पाहिली नाहीत, आणि याचं मला वाईट वाटतं ते वाटतंच.

सृष्टी मोठी झाली ती अस्सल पुणेकर म्हणून. आईबापांचं ‘जी’ तिच्या तोंडात कधी आलं नाही. कॉलेजात असताना तिच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. रंगनाथरावांनी त्यातल्या एकीला पुरणपोळी वाढताना आपलं शास्त्र वापरलं. मुलगी बिचारी दुसऱ्या नकोला शरण गेली आणि घरी जाऊन तिला त्रास झाला. तिच्या आईचा फोन आला. सृष्टी फार चिडली. मी तिथेच होतो.

‘बाबा, नो मीन्स नो,’ ती म्हणाली. ‘समोरच्याने एकदा सांगितलं ना, की ऐकायचं. त्याला रिस्पेक्ट म्हणतात. तुम्ही करता ते फोर्स करणं असतं.’

मला वाटलं, आता रंगनाथराव आपलं तीन नकोंचं पुराण काढतील. पण ते म्हणाले, ‘बरोबर आहे बाई तुझं.’ त्या दिवसानंतर त्यांनी मुलीला कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा विचारली नाही. जेवतेस का? नको. बरं. माझ्या घरात हे ऐकलं असतं तर काहीच वाटलं नसतं. त्यांच्या घरात ऐकताना मात्र मला चुकल्यासारखं व्हायचं. वहिनी हसून म्हणायच्या, ‘बापलेकीनं कायदा केला जी.’

दोन हिवाळ्यांमागे वहिनी गेल्या. हृदय बंद पडलं, कुणाला काही करायला वेळच मिळाला नाही. दुकान मी तोवर विकलं होतं, पण अवजारं ठेवली होती. त्यांच्या फोटोला सागवानी चौकट मी माझ्या हाताने बसवून दिली. तो फोटो रंगनाथरावांच्या जेवायच्या खोलीत लागला, आणि त्या घरात रंगनाथरावांच्या नकोचा अर्थ कळणारं कोणी उरलं नाही.

सृष्टी खराडीला एका आयटी कंपनीत आहे. सकाळी निघते ती दिवेलागणीनंतर येते. पोरगी गुणाची आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कुणाला भलतंच वाटेल. रोज ऑफिसातून तिचा फोन असायचा, ‘बाबा, जेवलात?’ रोज आल्यावर ती विचारायची, ‘काही करू का तुमच्यासाठी?’ ते म्हणायचे, ‘नको.’ ती म्हणायची, ‘ओके.’

रंगनाथराव स्वतःच स्वयंपाक करू लागले होते. रविवारी गोळाभात ठरलेला, आणि तेलाच्या बाबतीत त्यांचा हात वहिनींपेक्षा सैल. अशाच एका रविवारी जेवल्यानंतर उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. कळ पाठीत, पार खांद्याच्या फऱ्यापर्यंत गेली. त्यांनी ओवा चावला, सोडा प्यायला. दोन तासांनी थांबलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग एकदा नुसत्या शेंगदाण्याच्या चटणीनेसुद्धा. हा सगळा तपशील मला फार नंतर कळला. तेव्हा दिसलं ते एवढंच की त्यांनी रविवारचा गोळाभात बंद केला. मग भाजी गेली, मग पोळी गेली. खाल्लं की दुखतं, तर खायचंच नाही, असा सरळ हिशेब त्यांनी मनाशी केला आणि कुणाला सांगितला नाही.

माणूस बघता बघता उतरला. आणि लोकांनी काय करावं? कौतुक! आमच्या सोसायटीत हल्ली वजन कमी होणं याइतकी मोठी कमाई दुसरी नाही. ‘काका, एकदम फिट!’ ‘काळमेघ, दहा वर्षांनी तरुण दिसताय!’ तिसऱ्या मजल्यावरच्या मैत्री नावाच्या मुलीने तर जिन्यात गाठून विचारलं, ‘काका, काय फॉलो करताय? इंटरमिटंट फास्टिंग का?’ ते म्हणाले, ‘हो जी.’ ते काय असतं हे त्यांना आजही माहीत नाही. पट्ट्याला पुढे पुढे भोकं पडत गेली, आणि लोक टाळ्या वाजवत गेले.

मग एका बुधवारी सकाळी मी दूध आणायला निघालो, तर रंगनाथराव जिन्यात कठडा धरून बसलेले. शर्ट घामाने चिंब, चेहरा राखेसारखा.

‘काय होतंय?’

‘काही नाही जी. बसलो जरासा.’

‘दवाखान्यात जाऊ या.’

‘नको.’

माझ्या जन्मजात सवयीप्रमाणे मी ‘बरं’ म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण त्यांना कठडा सोडून उठता येत नव्हतं. मी पुढे काही विचारलं नाही. खाली जाऊन रिक्षा बोलावली आणि रिक्षावाल्याच्या मदतीने त्यांना आत बसवलं. ते वाटेत पुन्हा एकदा नको म्हणाले. मी तेव्हा बाहेर बघत होतो.

सर्जन तरुण बाई होत्या आणि बोलायला तिखट. सोनोग्राफी बघून त्यांनी विचारलं, ‘किती महिने अंगावर काढलंत हे?’ पित्ताशयात खडे भरले होते आणि आता त्याला सूज आली होती. पित्ताशय काढून टाकणं एवढाच मार्ग होता. उपाशी राहून खडे जात नसतात, उलट भराभर वजन उतरलं तर वाढतातच, असं त्यांनी समजावून सांगितलं. मला समजावून सांगितलं, कारण रंगनाथराव डोळे मिटून पडले होते. सृष्टी खराडीहून अख्खं शहर ओलांडून पोचली. आधी बापाचा हात धरला आणि मग रडायला लागली. ‘मी रोज विचारत होते ना, जेवलात ना म्हणून? तुम्ही रोज हो म्हणालात, बाबा!’

ऑपरेशन नीट झालं. दुर्बिणीतून, पोटावर चार बारीक छेद. बाईंनी बाटलीत घालून खडे दाखवले, तेव्हा गुंगीतून नुकते उठलेले रंगनाथराव बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘साबुदाण्याएवढ्यानं हत्ती लोळवला का जी?’ आम्ही सगळे हसलो. मला वाटलं, सुटलो, माणूस परत आला.

बाईंचं सांगणं साधं होतं. थोडे दिवस हलकं खायचं, मग हळूहळू सगळं. एका वेळी थोडं, तेलतूप बेताचं. वजन उचलायचं नाही, चालायचं. रंगनाथराव चालायला लागले. मी रोज सकाळी त्यांच्याबरोबर जायचो. छेद भरले, टाके सुकले. पण खाणं पेजेच्या पुढे सरकेना. वाटीभर पेज, मुगाचं पाणी, कधी अर्धं केळं. पोळीचा तुकडा मोडून ठेवायचे आणि तसाच ठेवून उठायचे. आजार गेला आणि माणूस तरी झिजतच चालला. शर्टाची कॉलर गळ्यापासून सुटून उभी राहायला लागली. अंगठी बोटातून निसटते म्हणून त्यांनी ती काढून वहिनींच्या फोटोखाली ठेवली.

पुढच्या तपासणीला बाई गंभीर झाल्या. रिपोर्ट सगळे चांगले होते, पोटात दुखण्यासारखं काही उरलं नव्हतं. ‘पण हे खात नाहीत,’ त्या सृष्टीला म्हणाल्या. ‘असंच चाललं तर ॲडमिट करून नळीने अन्न द्यावं लागेल. या वयात गेलेली ताकद परत येईलच असं मी सांगू शकत नाही.’ सृष्टीने घरी येऊन प्रोटीनचे डबे मागवले. त्यांची रांग ओट्यावर लागली. ती रोज विचारायची, ‘बाबा, यातलं काही देऊ?’ ते म्हणायचे, ‘नको.’

दुसऱ्या दिवशी टेकडीच्या रस्त्यावर बाकावर टेकलो असताना मी त्यांना स्पष्ट विचारलं. ‘अहो रंगनाथराव, तुमच्या मनात आहे तरी काय? जायचंय का वहिनींच्या मागे?’

‘नाही जी,’ ते म्हणाले. ‘तसं काही नाही.’ मग रस्त्याकडे बघत बोलायला लागले. ‘ताट पाहिलं की भेवच लागते, बाळभाऊ. वाटते, घास गेला की ती कळ उठन. म्हणून सृष्टीनं विचारलं की तोंडातून नकोच निघते. ती बिचारी जाते. मग मी वाट पाहतो.’

‘कशाची?’

‘तिनं पुन्हा विचारण्याची.’

मला एकदम तो साहेबाच्या घरी बाहेरच्या खुर्चीवर बसलेला मुलगा दिसला. ‘मग तिला सांगा की!’ मी जवळजवळ ओरडलोच. ‘दोन वेळा जास्त विचार म्हणावं!’

‘सांगून कसं चालन?’ ते म्हणाले. ‘मागून घेतलेला आग्रह, आग्रह असते का जी?’

पेठेतल्या माणसाला मुळात आग्रहच ठाऊक नाही. तो मागून घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्न कुठून पडणार? पण घरी परत येईपर्यंत माझं ठरलं होतं. त्यांनी सांगायचं नसेल, तर मी सांगायला मोकळा होतो.

शनिवारी सृष्टी घरी होती. मी तिला आमच्याकडे बोलावलं. ती आली ती रडवेली होऊनच. ‘बाळकाका, मी काय करू सांगा ना. मी रोज विचारते.’

‘किती वेळा?’

‘म्हणजे? रोज!’

‘रोज किती वेळा?’

तिला कळेना. मग मी तिला रोडग्यांच्या जेवणाची आठवण करून दिली. मीठ वाढत फिरायचीस ते आठवतंय का? तुझे बाबा पुढे काय करायचे ते आठवतंय का? तीन नको तिला पाठ होते, लहानपणी खेळात म्हणायची ती. पण आता ती मान हलवत होती.

‘काका, ते आजारी आहेत. अडल्ट आहेत. नको म्हणणाऱ्या माणसाला मी जबरदस्ती कशी भरवू? मला ते बरोबर वाटत नाही.’

‘जबरदस्ती नाही करायची,’ मी म्हणालो. ‘तिसऱ्या नकोला थांबायचं. मुकाट्याने उठून जायचं. ते स्वतः थांबायचे. पण तू पहिल्यालाच उठून जातेस, आणि तो त्यांचा नकोच नसतो गं. वाट बघत बसतात ते. मला सांगितलंय त्यांनी.’

सृष्टी टेबलावरच्या माझ्या चष्म्याच्या काड्या उघडत होती, मिटत होती. मग म्हणाली, ‘मीच शिकवलं ना त्यांना ते. आणि ते ऐकत राहिले. इतकी वर्षं.’

तिला धीर द्यायला हवा होता. पण मला तसलं काही येत नाही. मी म्हणालो, ‘हरभऱ्याचा भरडा आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत मिळतो.’

रविवारी दुपारी तिने मला बोलावलं. ओट्यावर पसारा होता. भात थोडा गिच्च झाला होता, दोन गोळे भातात फुटले होते. फोडणीत तेल अगदी चमचाभर, डॉक्टरबाईंना फोन करून विचारून घेतलेलं. तिने टेबल बाजूला सारून जमिनीवर ताटं मांडली. रंगनाथराव आले आणि ताटांकडे बघून घुटमळले. मग भिंतीला टेकून बसले. मी समोर बसलो. वहिनींचा फोटो त्यांच्या डोक्यावर होता.

‘बाबा, गोळाभात केलाय,’ सृष्टी म्हणाली.

‘नको गं.’

सवयीने ती अर्धवट उठली. मी पाहिलं. मग पुन्हा खाली बसली. ‘थोडासाच. आई करायची तसा करून बघितलाय.’

‘नको बाई. पोट…’ असं म्हणत त्यांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. केवढे हात होते ते! त्याच हातांनी तुपाने भरलेल्या पराती उचलल्या होत्या. आता मनगटाची हाडं वर आली होती.

सृष्टीने डाव भरून घेतला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने भात त्यांच्या बोटांवर वाढला.

रंगनाथराव हातांवरच्या भाताकडे बघत राहिले. वाफ वर येत होती. हिंगाचा वास खोलीभर झाला होता. मी तिसऱ्या नकोची वाट बघत होतो. तो आला असता तर आम्हाला थांबणं भाग होतं, आणि मग मला पुढचं काही सुचत नव्हतं. त्यांचे ओठ हलले. मी घाबरलो. पण त्यांनी हात हळूच ताटात कलते केले, भात खाली ठेवला, आणि बोटांना चिकटलेली शितं खाल्ली.

मग थांबले. तळवा बरगडीखाली ठेवून आत काही होतंय का ते बघत राहिले.

‘मीठ कमी आहे,’ ते म्हणाले. आणि मग, ‘भरडा अजून जाड पाहिजे होता.’

सृष्टी हसत होती आणि नाक पुसत होती. त्यांनी दुसरा घास घेतला. छोटा. तिसरा त्याहून थोडा मोठा. तिने आणखी थोडा वाढला, तेव्हा ते एकदाच नको म्हणाले आणि लगेच हात बाजूला घेतला. कळ उठली नाही. मीही आता जेवायला लागलो, आणि खरं सांगायचं तर भात फार चांगला झाला नव्हता. पण एकोणनव्वद सालच्या खोक्यांमध्ये बसून जेवलो त्यानंतर एवढं चवीने मी जेवलो नसेन.

जेवता जेवता रंगनाथराव थांबले. सृष्टीचं ताट रिकामं होतं. ती आमच्याकडेच बघत बसली होती.

‘तू जेवली नाहीस,’ ते म्हणाले. डाव त्यांनी हातात घेतला, भातात घातला आणि तिच्या ताटाकडे नेला. ‘घे थोडा.’

‘नको बाबा, मी नंतर जेवते.’

डाव तिथल्या तिथे थांबला. कितीतरी वर्षांची सवय ती. त्यांनी मान डोलावली, ‘बरं’ म्हणाले आणि डाव मागे घेऊ लागले.

सृष्टीने आपले दोन्ही हात रिकाम्या ताटावर आडवे धरले, जसे लहानपणी पंगतीत लोक धरताना तिने पाहिले होते. तिचे डोळे भरून आले होते.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘अजून दोनदा विचारा ना.’